औषध मिळाले नाही तर? बाळंतपणाआधीची तयारी

प्रश्न : माझे सासर सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यात आहे आणि माहेर सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात, अगदी कृष्णेच्या काठी आहे. मला सातवा महिना चालू आहे, पहिलीच खेप आहे आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख मिळाली आहे. थायरॉईडची ७५ ची गोळी चालू आहे, रक्तगट बी निगेटिव्ह आहे (यजमानांचा बी पॉझिटिव्ह) आणि गेल्या महिन्यापासून रक्तदाबासाठी लॅबेटालॉल सुरू झाले आहे. मध्यंतरी थायरॉईडची गोळी आमच्या गावच्या मेडिकलमध्ये जवळजवळ दोन आठवडे आली नाही, तेव्हा जाऊबाईंच्या ५० च्या गोळ्यांवर वेळ भागवली. उपकेंद्रातल्या रक्तवाढीच्या गोळ्याही एकदा संपल्या होत्या. सासूबाई म्हणतात की बाळंतपणापर्यंतची सगळी औषधे आताच भरून ठेवावीत, यजमान म्हणतात ऑनलाइन मागवू. डोहाळेजेवण झाले की मी माहेरी जाणार आहे, पण २०१९ च्या पुरात आमच्या गावाला पाण्याचा वेढा पडला होता, ते आठवून धास्ती वाटते. मी नेमकी कोणती तयारी करावी?
– एक वाचक भगिनी

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मेअखेरीस हाती आले. तारीख ऑगस्टमधली असल्याने तयारीला पुरेसा अवधी आहे, पण दोन कामे याच आठवड्यात उरकायची आहेत, म्हणून ती आधी सांगते आणि साठ्याच्या प्रश्नाकडे मागाहून वळते.

पहिले काम टीएसएच तपासणीचे, म्हणजे थायरॉईडचे औषध शरीराला पुरेसे पडते आहे का हे दाखवणाऱ्या रक्ततपासणीचे. थायरॉईडच्या गोळीतले लेव्होथायरॉक्सिन शरीरातून फार सावकाश उतरते. त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण एक आठवडा लागतो, आणि म्हणूनच एखाददुसऱ्या दिवशी गोळी राहून गेली तर घाबरण्याचे कारण नसते. परंतु दोन आठवडे ७५ च्या जागी ५० मायक्रोग्रॅम घेणे म्हणजे रोज एक तृतीयांश औषध कमी पडणे होय, आणि गरोदरपणात तर या संप्रेरकाची गरज नेहमीपेक्षा वाढलेली असते. बाळाला काही झाले असेल का, या विचाराने रात्री जागून काढू नका. पाचव्या महिन्याच्या सुमारास बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथीही काम करू लागलेली असते. तिसाव्या आठवड्याच्या आसपास ही तपासणी तशीही करायचीच असते. ती आता करून घ्या आणि त्या दोन आठवड्यांत काय घडले हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. जाऊबाईंनी मायेने गोळ्या दिल्या हे खरे, पण त्यात त्यांचाही साठा कमी झाला आणि तुमची मात्राही अपुरी राहिली. त्याच वेळी ५० ची आणि २५ ची अशा दोन गोळ्या एकत्र घेतल्या असत्या तर ७५ ची मात्रा पूर्ण झाली असती. मेडिकलमध्ये २५ ची गोळी आहे का, हे बहुधा कोणी विचारलेच नसावे, कारण तसे विचारता येते हे तुम्हाला आधी कोणी सांगितलेले नव्हते.

दुसरे काम अँटी-डी इंजेक्शनचे. आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असले म्हणजे बाळ पॉझिटिव्ह असण्याची शक्यता असते, आणि बाळाचे रक्त आईच्या रक्तात मिसळले तर आईच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. पहिल्या बाळाला त्याचा सहसा त्रास होत नाही, पुढच्या बाळाला मात्र तो जिवावर बेतणारा ठरू शकतो. ते टाळण्यासाठी २८ व्या आठवड्याच्या सुमारास ३०० मायक्रोग्रॅम अँटी-डी देतात आणि त्याआधी, आईच्या रक्तात अशी प्रतिपिंडे आधीच तयार झाली आहेत का हे पाहणारी, इनडायरेक्ट कूम्ब्स ही रक्ततपासणी करतात. तुमच्या तारखेवरून हिशेब केला तर तो आठवडा आता चालू आहे किंवा नुकताच सरला आहे. पत्रात तुम्ही या इंजेक्शनाचा उल्लेख केलेला नाही, म्हणून फाईल उघडून पाहा. नोंद नसेल तर उद्याच डॉक्टरांना फोन करा. हे औषध मानवी रक्तद्रवापासून तयार होते, थंड ठेवावे लागते, महागही असते, त्यामुळे तालुक्याच्या सगळ्याच मेडिकलमध्ये ते हाताशी असेल असे नाही. पाठदुखीच्या मलमासारखे ते दुकानात जाऊन उभ्या उभ्या मिळत नाही, आधी सांगून मागवावे लागते.

आता साठ्याविषयी. सासूबाईंची दृष्टी चुकीची नाही, त्यांनी टंचाईचे दिवस पाहिलेले आहेत. तरीही बाळंतपणापर्यंतची सगळी औषधे एकदम घेऊ नयेत असेच मी सांगेन. थायरॉईडची आणि रक्तदाबाची मात्रा शेवटच्या तीन महिन्यांत बदलण्याची दाट शक्यता असते, आणि मग कपाटात राहिलेल्या जुन्या मात्रेच्या गोळ्या चुकून पोटात जाण्याचा धोका उरतो. शिवाय एकाच घराने गावच्या मेडिकलमधला सगळा माल उचलला तर त्याच गोळीवर असलेली दुसरी गरोदर बाई रिकाम्या हाती परतते. म्हणून सध्या एक महिन्याचा साठा घरात ठेवावा, पंधरा दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढच्या महिन्याच्या आणाव्यात, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात, त्या वेळी चालू असलेल्या मात्रेप्रमाणे, सहा आठवड्यांच्या गोळ्या एकदा घेऊन ठेवाव्यात. यजमान ऑनलाइन मागवू म्हणतात, त्याला गोळ्यांपुरती हरकत नाही, पण चिठ्ठीवरूनच मागवावे आणि जूनअखेरपर्यंत मागवावे. थंड ठेवावे लागणारे कोणतेही औषध त्या मार्गाने मागवू नये, आणि पावसाने रस्ते बंद होण्याच्या दिवसांत पार्सलच्या भरवशावर राहू नये.

साठवण कशी करता यालाही महत्त्व आहे. लेव्होथायरॉक्सिन उष्णतेने आणि ओलाव्याने हळूहळू निकामी होते, त्यामुळे ते गॅसजवळच्या फळीवर किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नये. बाटलीतल्या गोळ्या असतील तर त्या बाटलीतच ठेवून झाकण घट्ट लावावे. स्ट्रिप कापताना औषधाचे नाव, मात्रा आणि मुदतीची तारीख छापलेला कोपरा शेवटपर्यंत राहील अशा बेताने गोळ्या काढाव्यात. ओपीडीत कितीतरी भगिनी पर्समधून कापलेल्या स्ट्रिपचा चंदेरी तुकडा काढून दाखवतात, त्यावर दोन गोळ्या असतात आणि नावाची दोनच अक्षरे उरलेली असतात. अशा तुकड्यावरून कोणताही डॉक्टर वा औषधविक्रेता खात्रीने दुसरी गोळी देऊ शकत नाही.

माझ्या मते तुटवड्याची खरी तयारी डॉक्टरांसमोर बसून एक कागद लिहून घेण्यापासून सुरू होते. गावच्या मेडिकलमध्ये ‘ती गोळी येत नाही’ असे सांगितले जाते तेव्हा बहुतेक वेळा एका विशिष्ट कंपनीची गोळी आलेली नसते. तेच औषध दुसऱ्या नावाने शेजारच्या दुकानात किंवा जनऔषधी केंद्रात असू शकते. हे ओळखण्यासाठी औषधाचे मूळ नाव ठाऊक असावे लागते. म्हणून त्या कागदावर प्रत्येक औषधाचे मूळ नाव, मात्रा, घेण्याची वेळ आणि ते न मिळाल्यास काय करायचे, हे डॉक्टरांच्या हस्ताक्षरात असावे. उदाहरणार्थ : ‘लेव्होथायरॉक्सिन ७५ मायक्रोग्रॅम, सकाळी उपाशीपोटी. न मिळाल्यास ५० व २५ एकत्र. दुसऱ्या कंपनीची चालेल, मात्र सहा आठवड्यांच्या आत टीएसएच.’ कंपनी बदलल्यावर तपासणी करायची ती यासाठी की या औषधात थोडासा फरकही शरीराला जाणवतो. शक्य असेल तर कंपनी बदलूच नये, पण बदल आणि खंड यांतून निवड करायची वेळ आली तर बदल पत्करावा, खंड पडू देऊ नये.

हा कागद मागायला संकोच वाटत असेल तर ९ तारखेचा उपयोग करा. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य संस्थांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते. तुमच्यासारख्या, रक्तदाब आणि निगेटिव्ह रक्तगट दोन्ही असलेल्या मातेची नोंद अतिजोखमीची म्हणून होणे आवश्यक आहे, आणि ती झाली आहे की नाही हेही त्या दिवशी विचारून घ्या.

रक्तदाबाच्या औषधाचा भाग अधिक नाजूक आहे. लॅबेटालॉल आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये, कारण दाब उसळी घेऊ शकतो. ते मिळाले नाही तर गरोदरपणात चालणारी दुसरी औषधे आहेत, दीर्घकाळ काम करणारे निफेडिपिन आणि मिथिलडोपा ही त्यांतली प्रमुख, पण कोणते व किती द्यायचे हे तुमचा दाब पाहून डॉक्टरच ठरवतील, आणि म्हणूनच त्या ओळीपुढे डॉक्टरांनी आधीच पर्याय लिहून ठेवणे मोलाचे आहे. एक गोष्ट मात्र मी कळकळीने सांगते. घरात सासू-सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी असते आणि ‘दाबाचीच तर गोळी आहे’ म्हणून ती देण्याचा मोह होतो. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल या घरोघरी आढळणाऱ्या गोळ्या गरोदरपणात बाळाच्या मूत्रपिंडांना गंभीर इजा करू शकतात. एकही गोळी घ्यायची नाही, एका दिवसापुरतीही नाही. घरी दाब मोजण्याचे यंत्र घेता आले तर घ्या आणि आकडे वहीत लिहा. दाब १४०/९० च्या वर राहू लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. तो १६०/११० वर गेला, किंवा जोराचे डोके दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी वा चमक येऊ लागली, छातीखाली पोटात वरच्या बाजूला दुखू लागले, तर औषध शोधत न बसता थेट रुग्णालय गाठा.

रक्तवाढीच्या गोळ्यांबाबत तुलनेने निश्चिंत राहा. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक, ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असलेली लाल गोळी आणि दिवसातून दोनदा ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम, असा सरकारी कार्यक्रम आहे. उपकेंद्रात चार दिवस गोळ्या नसल्या तर तेवढ्याच मात्रेच्या बाहेरून घ्याव्यात, त्या स्वस्त असतात. फक्त लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नये, आणि थायरॉईडच्या गोळीनंतर या दोन्हींसाठी किमान चार तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर थायरॉईडची गोळी वेळेवर मिळूनही अंगी लागत नाही.

यापुढचा भाग तुमच्या पत्रात नाही, आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत मोठा आहे. बाळंतपणाच्या वेळी जीव वाचवणारी औषधे घरात साठवता येत नाहीत. ती प्रसूतिगृहात असावी लागतात. बाळ जन्मल्याबरोबर आईला ऑक्सिटोसिनचे १० युनिट देतात, त्यामुळे गर्भाशय आकुंचन पावते आणि अतिरक्तस्राव टळतो. हे इंजेक्शन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. वीज दोन दिवस गेली आणि फ्रिज बंद राहिला तर कुपी कपाटात दिसते, पण तिचा गुण उतरू लागलेला असतो. आपल्या दुधाच्या पट्ट्यात हे औषध गाई-म्हशींना पान्हा सोडण्यासाठी बेकायदा टोचले जाते हे सर्वांना ठाऊक आहे. तो गैरवापर रोखण्यासाठी २०१८ साली केंद्र सरकारने देशांतर्गत वापरासाठीचे खासगी उत्पादन बंद करून सारा पुरवठा सार्वजनिक क्षेत्रातल्या एकाच कंपनीकडे सोपवण्याचा आदेश काढला होता. एवढ्या अत्यावश्यक औषधाची भिस्त एकाच कारखान्यावर ठेवली तर माता धोक्यात येतील, अशी भीती तेव्हा अनेक डॉक्टरांनी व्यक्त केली, आणि डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. गैरवापर थांबलाच पाहिजे, पण त्याची किंमत बाळंतिणीने मोजता कामा नये, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

ऑक्सिटोसिन नसेल तर काय, याचे उत्तर वैद्यकशास्त्राकडे आहे. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांना फ्रिज लागत नाही, आणि उष्णतेत टिकणारे कार्बेटोसिनही आता उपलब्ध आहे. रक्तस्राव सुरू झालाच तर पहिल्या तीन तासांच्या आत ट्रानेक्झामिक ॲसिड देतात. मिथाइलएर्गोमेट्रिन हे जुने इंजेक्शन मात्र रक्तदाब वाढलेल्या मातेला देत नाहीत, म्हणून तुमच्या कागदावर सर्वांत वर ‘रक्तदाब आहे’ हे ठळक अक्षरांत असावे; पुरात भलत्याच दवाखान्यात जावे लागले तर ती एक ओळ उपयोगी पडेल. तसेच रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका दिसला तर मॅग्नेशियम सल्फेट हेच औषध लागते. ते अजिबात महाग नाही, पण ते प्रसूतिकक्षात तयार असणे आणि द्यायची सवय असलेली माणसे तिथे असणे, या दोन्ही गोष्टी लागतात.

म्हणून जिथे बाळंतपण करायचे ठरेल तिथे जुलैच्या आधी एकदा प्रत्यक्ष जा आणि सिस्टरांना शांतपणे विचारा : ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये असते का, वीज गेल्यावर जनरेटर चालतो का, मॅग्नेशियम सल्फेट आहे का, अँटी-डी येथे ठेवतात की आम्ही मागवायचे, आणि बी निगेटिव्ह रक्त लागले तर ते कोठून येईल. अनेकांना असे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे वाटते. तसे मुळीच नाही. चांगल्या रुग्णालयात या प्रश्नांची उत्तरे दोन मिनिटांत मिळतात आणि विचारणाऱ्या कुटुंबाबद्दल आदरच वाटतो.

बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह निघाला तर अँटी-डीचा दुसरा डोस बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत द्यायचा असतो. तो कसा हुकतो ते एकदा नीट पाहा. समजा, बाळ शुक्रवारी संध्याकाळी सहाला जन्मले. नाळेतून घेतलेला रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत जातो, बाळाचा गट पॉझिटिव्ह असल्याचा अहवाल शनिवारी दुपारी येतो, त्यानंतर इंजेक्शनाची चिठ्ठी लिहिली जाते. रविवारी होलसेलचे दुकान बंद, सोमवारी सकाळी शोधाशोध, आणि सोमवारी संध्याकाळी सहाला ७२ तास पुरे होतात. पुरामुळे रस्ता बंद असेल तर हा हिशेब आणखी अवघड होतो. म्हणून हे इंजेक्शन बाळंतपणासाठी भरती होतानाच रुग्णालयाच्या फ्रिजमध्ये असावे, अशी व्यवस्था आधीच करून घ्यावी. आणि काही कारणाने ७२ तास उलटलेच, तर आता काय उपयोग म्हणून सोडून देऊ नये. उशिरा दिलेल्या डोसचाही काही फायदा होऊ शकतो, डॉक्टरांना तसे विचारावे.

रक्ताचेही तेच. आपल्याकडे निगेटिव्ह गटाची माणसे शंभरांत साधारण पाचच असतात. तुमच्या माहेर-सासरच्या नात्यात, गावात, तालमीत, पतसंस्थेत चौकशी करून बी निगेटिव्ह किंवा ओ निगेटिव्ह रक्तगटाचे दोघे-तिघे रक्तदाते शोधून ठेवा, त्यांचे फोन कागदावर लिहा, आणि ते पुराच्या दिवसांत नदीच्या अलीकडे असतील की पलीकडे याचाही विचार करा.

आता माहेराचा प्रश्न. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत मलाही प्रिय आहे आणि आईच्या हाताखाली मिळणारा विसावा कोणत्याही औषधाने मिळत नाही. परंतु तुमच्या बाबतीत स्पष्ट सांगायचे तर, जुलैच्या मध्यापासून नदीकाठच्या गावात राहणे मला मान्य नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढले होते आणि जुलै २०२१ च्या शेवटच्या आठवड्यात ते पुन्हा धोक्याच्या वर गेले. रक्तदाब असलेल्या मातेचे बाळंतपण डॉक्टर बहुतेक वेळा तारखेची वाट न पाहता ३७ व्या आठवड्यानंतर केव्हाही करायचे ठरवतात, आणि तुमचा ३७ वा आठवडा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुरा होतो. म्हणजे ज्या दिवसांत पूर येतो त्याच दिवसांत तुमचे बाळंतपण होण्याची शक्यता आहे. डोहाळेजेवण माहेरी आनंदाने होऊ द्या, जून तिथे राहा, पण दहा-बारा जुलैपर्यंत तिथून निघा. विट्याला, पलूसला किंवा मिरजेत पाण्यापासून दूर राहणारे जवळचे कोणी असेल तर आईला घेऊन तिथे राहता येईल. नाहीतर सासरी परत येऊन आईलाच तिथे बोलावणे सर्वांत सोपे. बाळंतपण मात्र रक्तपेढी, शस्त्रक्रियागृह आणि नवजात शिशू कक्ष असलेल्या ठिकाणीच व्हावे. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय किंवा सातारचे क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, यांपैकी एक ठरवा आणि तिथे जूनमध्येच नाव नोंदवा. दोन्हीकडच्या आशाताईंना तारीख आणि मुक्काम कळवा, म्हणजे पावसाळ्यात कोणाला आधी हलवायचे ते ठरवताना तुमचे नाव सुटणार नाही. माता-बाल संरक्षण कार्ड, फाईल, तो कागद आणि आठवडाभराच्या गोळ्या एका प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून हाताशी असाव्यात. त्या कागदाचा फोटो यजमानांच्या आणि आईच्या मोबाइलमध्येही असू द्या.

सरकारी रुग्णालयात औषध नाही म्हणून बाहेरून आणायला सांगितले, तर काय करावे, असा प्रश्न अनेक जणी विचारतात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार २०११ पासून सरकारी संस्थांत बाळंतपण, सिझर, औषधे, तपासण्या, रक्त, आहार आणि ने-आण हे सर्व मोफत मिळण्याचा मातेला हक्क आहे. साठा संपला असेल तर रुग्णालयाला स्थानिक पातळीवर खरेदीची मुभा असते. म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्यांना किंवा अधीक्षकांना भेटून, आवाज न चढवता, ‘स्थानिक खरेदीतून मिळेल का’ असे विचारावे. ऐन कळांच्या वेळी मात्र वाद घालू नये. औषध आणावे, पावती जपावी आणि तक्रार नंतर लेखी करावी.

औषध बाजारातूनच नाहीसे झाले तर त्याला मोठी कारणे असतात. अनेक औषधांचा कच्चा माल चीनमधून येतो. तिथे डुकरांमध्ये साथ पसरली तेव्हा, त्यांच्या आतड्यांपासून तयार होणाऱ्या हेपारिनची जगभर चणचण भासली आणि २०२० मध्ये आपल्याकडे त्याच्या कमाल किमतीत ५० टक्के वाढ द्यावी लागली. गरोदरपणात रक्त पातळ ठेवण्यासाठी हेच इंजेक्शन घेणाऱ्या कितीतरी भगिनी आहेत. किंमत-नियंत्रणाखालचे औषध बंद करायचे असेल तर कंपनीने किमान सहा महिने आधी जाहीर सूचना द्यावी, असा २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात नियम आहे. त्यामुळे एखादी गोळी महिनाभर कुठेच मिळत नसेल तर औषधविक्रेत्याला विचारून राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाच्या ‘फार्मा जन समाधान’ या सुविधेवर तक्रार जरूर नोंदवा. तक्रारीने तुमची गोळी उद्या येणार नाही, पण तुटवडा कोठे आहे हे सरकारदरबारी कळण्याचा तो एक मार्ग आहे.

साखरेसाठी इन्सुलिन घेणाऱ्या वाचक भगिनींसाठी थोडे वेगळे सांगते. पेनमधली कार्ट्रिज मिळाली नाही तर कुपी आणि सिरिंज वापरता येते, मात्र आपल्याकडे बहुतेक कुप्यांत एका मिलिलिटरला ४० युनिट आणि कार्ट्रिजमध्ये १०० युनिट असतात. लाल टोपीची सिरिंज ४० साठी आणि नारिंगी टोपीची १०० साठी असते. १०० चे औषध लाल टोपीच्या सिरिंजने ओढले तर अडीच पट मात्रा शरीरात जाते आणि साखर धोकादायक रीतीने उतरते. त्यामुळे बदल करण्याआधी कुपीवरचा आकडा आणि टोपीचा रंग औषधविक्रेत्यासमोरच पडताळून घ्यावा. वीज गेली तर वापरात असलेली कुपी ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात काही दिवस चांगली राहते. बर्फाला चिकटून मात्र ती ठेवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे लागते.

बाळंतपणानंतर औषधांची जुळवणी पुन्हा बदलेल आणि तेव्हा घरातले सगळे बाळाभोवती गुंतलेले असतील, म्हणून तेही आताच कागदावर लिहून घ्या. थायरॉईडची मात्रा बहुधा गरोदरपणापूर्वीच्या मात्रेवर आणतात आणि सहा आठवड्यांनी टीएसएच करतात. रक्तदाब बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा वाढू शकतो, त्यामुळे घरी सोडताना दाबाच्या गोळ्या किमान पंधरा दिवसांच्या सोबत घ्याव्यात आणि त्या स्तनपानात चालतात ना, हे विचारून घ्यावे. रक्तवाढीची गोळी पुढे आणखी १८० दिवस चालू ठेवायची असते. टीएसएचचा अहवाल आणि अँटी-डीची नोंद पाहून काही शंका राहिली तर पुन्हा पत्र लिहा, आणि त्यात दोन्ही तारखा अवश्य कळवा.